गाभण मांजर आणि आधीच्या दोघांचं रेकॉर्डिंग

आजारी गाभण मांजर रात्रपाळीला येऊ नये असं आमच्या दवाखान्यात सगळ्यांनाच वाटतं, फक्त कुणी बोलून दाखवत नाही. टेबलावर एक पेशंट दिसतो, पण असतात चार-पाच, आणि आईला चालणारं औषध पोटातल्यांना चालेलच असं नाही. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक पिल्लांच्या दाताहाडांत जाऊन बसतं. एन्रोफ्लॉक्सासिन हे दुसरं अँटिबायोटिक सांध्यांतल्या वाढत्या कूर्चेला बाधू शकतं. वेदनेवरचं मेलॉक्सिकॅम नको, स्टेरॉइडने गर्भ पडायची भीती. मग हातात उरतं ते अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह हे अँटिबायोटिक, सलाईन, ऊब आणि आपलं डोकं, जे रात्री अकरानंतर तसंही अर्धंच चालतं.

ठमी आली तेव्हा टॉवेलमध्ये मान टाकून पडली होती. सोबत एक ताई आणि त्यांचा कॉलेजात शिकणारा मुलगा. मी नेहमीचं विचारायला सुरुवात केली: कधीपासून खात नाही, उलटी, जुलाब, स्राव. ताई म्हणाल्या, "डॉक्टर, आधी दोघांना दाखवलंय. एक म्हणतात काही करू नका, दुसरे म्हणतात लगेच कापा. आता तुम्हीच सांगा, कुणाचं ऐकायचं?" आणि मुलाने मोबाईल पुढे केला. दोन्ही डॉक्टरांचं बोलणं त्याने रेकॉर्ड करून ठेवलं होतं.

मला राग आला. न विचारता कुणाचं बोलणं टिपून घ्यायचं आणि मग ते तिसऱ्यापुढे वाजवायचं, म्हणजे आम्ही काय आरोपी आहोत? पण त्यांच्याकडचे दोन्ही कागद बघितल्यावर मी निमूटपणे मोबाईल घेतला, कारण कागदांवर काहीही नव्हतं. एकावर औषधांची नावं, दुसऱ्यावर औषधांची नावं आणि सही. वजन नाही, तापमान नाही, ठोके नाहीत, किती वाजता तपासलं ते नाही. आमच्या व्यवसायातली ही जुनी खोड आहे. थर्मामीटर लावायला एक मिनिट लागतं आणि आकडा लिहायला दोन सेकंद, तेवढेही कुणाला जमत नाहीत, आणि मग पुढच्या डॉक्टरने अंदाजाने इतिहास रचायचा.

आमच्या मदतनीसाने कॅन्युला लावेपर्यंत मी दोन्ही रेकॉर्डिंग ऐकली. पहिले डॉक्टर म्हणत होते, "विण्याच्या आधी मांजरी कमी खातात, दोन दिवस वाट बघू. पण अंग गार लागलं किंवा उठेनाशी झाली तर थांबू नका, तसंच घेऊन या." दुसऱ्या बाईंचा आवाज शांत होता. सोनोग्राफीत चारपैकी एका पिल्लाचे ठोके नाहीत, त्या बाजूला थोडं गढूळ पाणी दिसतंय, रक्तात पांढऱ्या पेशी वाढल्यात. अँटिबायोटिक सुरू करते, उद्या सकाळपर्यंत सुधारणा नसेल तर गर्भाशय काढण्याचा विचार करावा लागेल. त्या वाक्याच्या मधेच ताईंचा स्वतःचा आवाज येतो: "म्हणजे ऑपरेशनच ना?" आणि पुढचं अर्धं वाक्य त्यात बुडून जातं.

म्हणजे घरी पोचेपर्यंत एकाचं "काही करू नका" झालं होतं आणि दुसरीचं "लगेच कापा". दोघांनी सांगितलेल्या अटी वाटेतच पडल्या होत्या. ताईंना दोष देऊन उपयोग नाही, घाबरलेल्या माणसाला आदेश तेवढा ऐकू जातो. पण भांडण जेवढं मोठं वाटत होतं तेवढं ते नव्हतंच. पहिल्यांनी पाहिलेली ठमी चालत-फिरत होती, दुसरीने पाहिलेली बसून होती, आणि माझ्यासमोरची मान उचलत नव्हती. तीन डॉक्टरांनी तीन वेगळ्या मांजरी पाहिल्यासारखं होतं ते.

खरा मतभेद पुढे झाला, आणि तो आमच्याच दवाखान्यात.

तापमान ९७.२ फॅरनहाइट. मांजरीचं साधारण १००.५ ते १०२.५ असतं. ठोके मिनिटाला १३२. टेबलावर धास्तावलेल्या मांजरीचे १८०च्या खाली असले तरी मी दोनदा मोजते. हिरड्या फिक्या. मागचे पाय कापडासारखे लोंबत होते. आणि एक गोष्ट, जी दिव्याखाली नीट बघितली म्हणूनच दिसली: डाव्या कानाचं टोक आणि मिशांमागची कातडी मधूनच थरथरत होती. माशी बसल्यावर हलते तेवढीच.

गार अंग, मंद ठोके, कमी रक्तदाब हे तिन्ही एकत्र दिसले की मांजरीत रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग समजावा, असं आम्ही शिकतो. कुत्र्याला अशा वेळी ताप येतो आणि ठोके पळतात, मांजरीत बरेचदा उलटं होतं. म्हणजे दुसऱ्या बाईंची शंका खरी ठरत होती. पण रक्तातलं कॅल्शियम घसरल्यावरही गाभण मांजर अशीच दिसते. व्यालेली कुत्री कॅल्शियम कमी झालं की ताठरते, धापा टाकते, तापते. मांजर मात्र कधी कधी विण्याआधीच गार पडते, लुळी पडते. आदल्या दिवशीच्या रिपोर्टात मूत्रपिंड होतं, यकृत होतं, पण कॅल्शियमचा रकानाच नव्हता. त्या ठरावीक पॅकेजमध्ये ते येत नाही. का येत नाही, हे मला आजवर कुणी पटेल असं सांगितलेलं नाही.

मी विचारलं, घरी काही टॉनिक वगैरे? ताईंनी पिशवीतून कॅल्शियमच्या सिरपची बाटली काढली, जवळजवळ संपलेली. पोट दिसायला लागल्यापासून रोज दोन वेळा. "पिल्लांची हाडं बनतात ना पोटात, म्हणून." कुणा मांजरवाल्या ओळखीच्या बाईंनी सांगितलं होतं. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! पण वरून आयतं कॅल्शियम मिळत राहिलं की पॅराथायरॉइड ग्रंथी सुस्तावते. हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणायचं काम ती विसरल्यासारखी होते, आणि शेवटच्या आठवड्यात पिल्लांची मागणी एकदम वाढली की ऐन वेळी हात वर करते.

आमच्या मशीनवर कॅल्शियम ५.८ आलं, ८च्या खाली यायला नको. साखर ६४, पण ती माणसांच्या मीटरवर, जो मांजरीत खऱ्यापेक्षा कमी दाखवतो, त्यामुळे तिचं फार मनावर घेतलं नाही. पांढऱ्या पेशी २३ हजार. गाभणपणात आणि भेदरलेल्या मांजरीतही त्या चढतात, म्हणून मी काचपट्टी करून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. मोठा संसर्ग असला की कच्च्या पेशीही रक्तात उतरतात. मशीन पेशी मोजतं, पण त्या कच्च्या आहेत की पिकलेल्या हे कळायला डोळाच लागतो. कच्च्या होत्या थोड्या. नव्हत्याच असं म्हणता येणार नाही, खूप होत्या असंही नाही.

मग मी कॅल्शियम ग्लुकोनेट दिलं. हे काम मला चांगलं येतं आणि ते सांगायला मला संकोच वाटत नाही. दहा टक्क्यांचं द्रावण, किलोला एक मिलिलीटर, म्हणजे तिच्या वजनाला साडेतीन. ते सलाईनमध्ये पातळ करून शिरेतूनच द्यायचं. शिरेबाहेर गेलं तर तिथली कातडी सडू शकते. वीस मिनिटांत एक सिरिंज संपवायची. एका हाताचा अंगठा दट्ट्यावर आणि कानात स्टेथोस्कोप, नजर घड्याळावर. ठोके मंदावले किंवा मधला एखादा चुकला की थांबायचं. तिचे ठोके मुळातच १३२, तेव्हा मंदावायला जागा कुठे होती? सहाव्या मिनिटाला ११६ झाले, मी थांबले. १३०वर आल्यावर पुन्हा सुरू, पहिल्यापेक्षाही हळू. अंगठ्याला गोळे येतात. घाईच्या माणसाने हे करू नये. सिरिंज पाऊण संपली तेव्हा कानाची थरथर गेली, आणि संपत आली तेव्हा ठमीने मान उचलली आणि मदतनीसाच्या कोपरावर ठेवली. ताई रडायला लागल्या. मुलगा रेकॉर्डिंग करत होता.

तेवढ्यात सर आले. आमचे सर मुळात सर्जन, हात असा की बघत राहावं, आणि बहुतेक सर्जनसारखा त्यांचाही हातावर जास्त भरवसा. त्यांनी सोनोग्राफी स्वतः पुन्हा केली. तीन पिल्लांचे ठोके २२८, २२० आणि १९६. चौथं गेलेलं. पिल्लांच्या डोक्याच्या व्यासावरून दिवस अठ्ठावन्नच्या आसपास, दोन-तीन दिवस इकडेतिकडे. मांजर साधारण ६३ ते ६५ दिवसांनी विते आणि ६०च्या आधी निघालेल्या पिल्लांची फुप्फुसं तयार झालेली असतीलच असं नाही.

सरांचं म्हणणं होतं, कॅल्शियम कमी आहे ते जंतुसंसर्गामुळे. "संसर्गातही कॅल्शियम पडतं. त्यात कॅल्शियम धरून ठेवणारं रक्तातलं प्रथिन, अल्ब्युमिन, हिचं कमी, म्हणजे एकूण कॅल्शियम कमीच दिसणार. तू ते भरलंस, तिने मान उचलली. ते का पडलं होतं याचं उत्तर त्यात नाही." माझं म्हणणं, सिरपची बाटली समोर आहे, स्राव नाही, कच्च्या पेशी जेमतेम, आणि बंद गर्भाशयात एक मेलेलं पिल्लू बाकीच्या जिवंत पिल्लांबरोबर दिवसेंदिवस राहू शकतं, ते "विष पसरवतं" हे सरसकट खरं नाही. शिवाय रक्तदाब ८८, त्यात भूल. सर म्हणाले, भूल मी सांभाळतो. मी म्हणाले, ऊब, सलाईन, अँटिबायोटिक आणि कॅल्शियमची संथ धार चालू ठेवू, तासातासाने ठोके बघू.

हे सगळं ताईंसमोर नाही झालं, बाजूच्या खोलीत झालं. पण भिंती पातळ आहेत. बाहेर आले तर ताई म्हणाल्या, "म्हणजे तुमच्यातही दोन मतं आहेत." मी हो म्हटलं. लपवलं असतं तर रेकॉर्डिंगमध्ये बरं ऐकू आलं असतं कदाचित. मग मी विचारलं, जे आधी कुणी विचारलेलं दिसत नव्हतं: तुम्हाला आधी कोण हवंय? ताई म्हणाल्या, ठमी. मुलगा म्हणाला, पिल्लंही. ताईंनी त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा म्हणाल्या, ठमी. आम्ही थांबायचं ठरवलं.

दोनच्या सुमाराला तिसऱ्या पिल्लाचे ठोके १६८वर आले. पिल्लाचे १८०च्या खाली जायला लागले की त्याला त्रास होतोय हे आम्हाला पाठ असतं. सर म्हणाले, आता. ठमी तेव्हा ९९.४ होती, स्वतः बसली होती, रक्तदाब १०४. म्हणजे भूल द्यायला ती पहिल्यांदाच योग्य झाली होती, आणि पहिल्यांदाच तिला ऑपरेशनची गरज वाटत नव्हती. एका पिल्लासाठी दोन कच्ची बाहेर काढायची आणि आईला टेबलावर घ्यायचं? मी ताईंना दोन्ही बाजू सांगितल्या, सरांची सरांच्या शब्दांत. त्यांनी मानेनेच नाही म्हटलं.

पहाटे कळा आपोआप सुरू झाल्या. कळा आणणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन लागलं नाही. कॅल्शियमशिवाय गर्भाशयाचा स्नायू आवळतच नाही, आता ते होतं. पहिलं पिल्लू ७८ ग्रॅम, दुसरं ८४. दोन्ही नेहमीपेक्षा लहान, पण रडणारी. मग ते गेलेलं, वारेसकट. आणि मग तिसरं: नीट घडलेलं, गुलाबी, ठोके नसलेलं. मी त्याला चोळलं, नाकातोंडातलं पाणी काढलं, मास्कने श्वास दिला. नाही आलं. सर शेजारी उभे होते, काही बोलले नाहीत. ते त्यांनी नंतर चहा पिताना बोलून घेतलं: "दोनला कापलं असतं तर हे असतं." असतंही. किंवा तिन्ही गेली असती. मला ठाऊक नाही, आणि त्यांनाही नाही, फक्त ते ठाम सुरात बोलतात.

घरी सोडताना मी कॅल्शियमचं सिरप लिहून दिलं. मुलाने लगेच मोबाईल काढला आणि माझाच आवाज ऐकवला, "सिरप आजपासून पूर्ण बंद." मग विचारलं, "मॅडम, परवा बंद, आज चालू?" बरोबर प्रश्न होता. विण्याआधी वरून दिलेलं कॅल्शियम ग्रंथीला आळशी करतं. व्याल्यावर दुधातून ते रोज वाहून जातं, तेव्हा भरावंच लागतं. शिवाय पहिले दिवस अर्धं दूध बाटलीचं, म्हणजे ठमीवरचा भार कमी. हे त्याला पुन्हा, सावकाश, मोबाईलच्या जवळ तोंड नेऊन सांगितलं आणि कागदावरही लिहिलं, तारखेसह, वजनासह, तापमानासह. यापुढे रेकॉर्डिंग विचारून कर, तेही सांगितलं. कागदाची एक प्रत दुसऱ्या बाईंना पाठवली. त्यांचा फोन आला, सविस्तर बोलल्या. पहिल्यांना पाठवली, त्यांचं काही आलं नाही.

पिल्लांचं दूध सुटल्यावर ठमी नसबंदीला आली. ऑपरेशन सरांनी केलं. मांजरीच्या गर्भाशयाला दोन फांद्या असतात, त्यांना आम्ही शिंगं म्हणतो. एक शिंग दुसऱ्यापेक्षा जाड होतं, म्हणून त्यांनी तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट आल्या दिवशी तो माझ्या टेबलावर होता, "जुन्या सुजेच्या खुणा" या ओळीखाली सरांनी पेनाने रेघ मारलेली. मी त्याखाली लिहिलं, "मेलेलं पिल्लू याच शिंगात होतं, त्यानेही एवढी सूज राहते," आणि रिपोर्ट त्यांच्या टेबलावर परत ठेवला. सध्या तो तिथेच आहे.