शून्य बरोबर चौदा

"बाई, क्ष-यची दोन समीकरणं क्रेमरच्या नियमाने दोन मिनिटांत सुटतात, मग आधी आलेख कशाला काढायला लावता?" दरवर्षी दहावीच्या पालकांपैकी कुणीतरी विचारतंच. बीजगणिताचा पेपर ४० मार्कांचा, वेळ दोन तास. आलेखात वेळ जातो हे मलाही कळतं हो. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगते.

पूर्वी मीही तुमच्याच बाजूची होते. लोप करा, म्हणजे क्ष किंवा य घालवा, नाहीतर क्रेमरसाठी निश्चयक मांडा, म्हणजे सहगुणकांचे तिरके गुणाकार करून वजाबाकी; आलेख परीक्षेपुरता. एका संध्याकाळी शिकवणीत मनानेच दोन समीकरणं फळ्यावर लिहिली: ४क्ष − ६य = १० आणि ६क्ष − ९य = ८. एका मुलीने पहिल्याला ३ ने गुणलं, दुसऱ्याला २ ने. दोन्हीकडे १२क्ष − १८य. वजाबाकीत क्ष गेला, यही गेला, उरलं ० = १४. वही घेऊन ती माझ्याकडे आली. मी मान वर न करता म्हटलं, "शून्य बरोबर चौदा असतं का कुठे? चिन्ह चुकलंय. परत कर." मागची पोरं फिदीफिदी हसली. तिने परत केलं. पुन्हा चौदा. तिसऱ्यांदा खोडताना कागद फाटला. शेवटी तिने क्ष = १, य = −१ लिहून आणलं. मी पहिल्या समीकरणात ताळा केला, ४ आणि ६ दहा, आणि बरोबरची खूण केली.

दुसऱ्यात ६ आणि ९ पंधरा होतात. आठ नव्हे.

रात्री आलेखकागद काढला. एक रेषा क्ष-अक्षाला अडीचवर छेदते, दुसरी सव्वाच्या जरा पुढे, आणि चढ दोघींचा सारखाच. म्हणजे समांतर, कुठेच न छेदणाऱ्या. उकल म्हणजे छेदनबिंदू, तो नव्हताच. तिचं ० = १४ हेच उत्तर होतं, आणि ते मी तिच्याकडून खोडून घेतलं. दुसऱ्या दिवशी दाराशी चपला घालताना तिला एकटीला गाठून सांगितलं. सगळ्यांसमोर नाही, तेवढी हिंमत झाली नाही. "असू दे बाई," म्हणाली.

आता तुम्ही म्हणाल, क्रेमरने लगेच कळलं असतं: −३६ + ३६, निश्चयक शून्य, म्हणजे एकच एक उकल नाही. खरंय. पण त्या संध्याकाळी निश्चयक शून्य आला असता तरी मी "परत कर" असंच म्हटलं असतं. शिवाय खुद्द क्रेमरने हा नियम १७५० साली दिला तो वक्रांवरच्या पुस्तकात, दिलेल्या पाच बिंदूंमधून जाणारा वक्र शोधताना. हे मी पालकांना मुद्दाम ऐकवते. थोडा भाव खायला, हेही कबूल.

आणि गेल्या वर्षीचं सांगितलं नाही तर लबाडी होईल. एका मुलाच्या दोन रेषा कागदावर अगदी समांतर दिसत होत्या. त्याने "उकल नाही" लिहिलं. रेषा छेदत होत्या, पण कागदाच्या बऱ्याच बाहेर. लाल पेन हातात धरून मी बसून राहिले. मग वही परत दिली आणि म्हटलं, "क्रेमरने करून बघ."