तुम्ही विचारलंत म्हणून: तरंगंबाडीहून आम्ही वेगवेगळे का परतलो

तरंगंबाडीहून हे आधी आले आणि मी दुसऱ्या दिवशी. एवढ्या एका गोष्टीवरून मला जितके प्रश्न विचारले गेले, तितके सासूबाईंच्या आजारपणाच्या सगळ्या वर्षांत मिळूनही कोणी विचारले नव्हते. नणंदेने फोनवर सरळच विचारले, "वहिनी, भांडलात का?" शेजारणीने आडून विचारले. काहींनी विचारलेच नाही, फक्त ह्यांची जरा जास्त मायेने चौकशी केली. सुरुवातीला मी 'एकत्र आरक्षण मिळालं नाही' असे सांगत असे; पण ते ऐकून समोरच्याच्या चेहऱ्यावर असा काही समजूतदारपणा यायचा की त्यापेक्षा भांडण झाले म्हटलेले बरे, असे वाटू लागले. तेव्हा आता एकदाच, सविस्तर सांगते.

गाव ह्यांनी निवडले होते. "गोऱ्यांच्या वखारी बघायला एवढं लांब कशाला?" असा टोमणा दिरांनी निघण्याआधीच मारून घेतला होता. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचे हे ठाणे डेन्मार्कच्या लोकांनी १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून वसवले. पुढे तंजावर भोसल्यांकडे आले, आणि १६९९ मध्ये तर तंजावरच्या फौजेने या गावाला वेढाच घातला होता. शेवटी १८४५ मध्ये डेन्मार्कने ते बंगालमधल्या सेरामपूरसह साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांच्या कंपनीला विकून टाकले. म्हणजे दिरांना वाटते तितके ते आपल्याला परके नाही. ही सगळी माहिती मला ह्यांच्याकडून मिळाली, हे इथेच सांगून ठेवते, कारण गोष्ट सगळी त्या माहितीचीच आहे.

गाव छोटे आहे. मयिलाडुतुरैहून येणारी बस जिथे सोडते, तिथून थोड्या अंतरावर १७९२ मध्ये बांधलेली वेस लागते, आणि त्या वेशीतून सरळ चालत गेले की रस्ता समुद्रापाशी डान्सबोर्ग किल्ल्याजवळ संपतो. त्या एका रस्त्यावर जे काही आहे, ते सगळे ह्यांनी मला वाचून दाखवले. १७०१ चे झायन चर्च, १७१८ चे न्यू जेरुसलेम चर्च, त्यात पुरलेला त्सीगेनबाल्ग हा जर्मन धर्मोपदेशक, तो १७०६ मध्ये आला तेव्हापासून तमिळमध्ये बायबलचा 'नवा करार' छापून होईपर्यंतचा सगळा खटाटोप. प्रत्येक पाटीपाशी थांबायचे, पाटी वाचायची, मग पाटीवर नसलेले फोनवर शोधून तेही वाचायचे. मी ऐकत होते. मला आवडतही होते, हे कोणाला खरे वाटत नाही.

पहिल्या रात्री दोनच्या सुमारास मला जाग आली, तर हे पलंगावर उठून बसलेले. शेवटच्या काळात आमची पाळी तेव्हा बदलत असे: दोनपर्यंत मी सासूबाईंजवळ आणि त्यानंतर हे. मीही उठून पायांत चपला शोधत होते. समुद्राचा आवाज आल्यावर दोघांच्याही लक्षात आले की इथे कोणाची कूस बदलायची नाही. "झोप तू," हे म्हणाले आणि स्वतः सकाळपर्यंत जागे राहिले असावेत. मी विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही मासिलामणिनाथर मंदिराकडे गेलो. किनाऱ्यावरच्या या मंदिराचा बराचसा भाग समुद्राने गिळला आहे आणि पुढे लाटा अडवायला मोठमोठे दगड टाकले आहेत. आम्ही दगडांवर बसलो. खाली दोन दगडांच्या फटीत निळ्या नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा अडकला होता. लाट आली की फुगायचा, गेली की दगडाला चिकटायचा. मी तेच पाहत होते. ह्यांनी सुरुवात केली, "हे मंदिर १३०६ सालचं, पांड्य राजा मारवर्मन कुलशेखर याच्या काळातलं..." आणि मी म्हणाले, "अहो, थोडा वेळ काही सांगू नका ना."

आवाज चढवला नव्हता, वैतागही नव्हता, निदान माझ्या मते नव्हता. ह्यांनी फोन खिशात ठेवला. बराच वेळ गेला. मग हे म्हणाले, "मग बोलू तरी काय?"

उपरोधाने म्हणाले असते तर मला उत्तर देता आले असते. उपरोधाला उत्तरे देण्यात मी कच्ची नाही. पण तो खराच प्रश्न होता. औषध दिले का, आया आली का, डॉक्टरांचा फोन आला का, तुझे जेवण झाले का, हेच आमचे कित्येक वर्षांचे बोलणे होते, आणि ज्यांच्यासाठी ते होते त्या आता नव्हत्या. मी मनातल्या मनात विषय शोधू लागले: मुलाची नोकरी, घराचा रंग, गावची जमीन. प्रत्येक विषय दोन वाक्यांत संपत होता. शेवटी मी म्हणाले, "थंडी वाजतेय का तुम्हाला?" हे नाही म्हणाले. तिथे थंडी नव्हतीच.

नणंदेला मी विचारले, याला भांडण म्हणायचे का? ती म्हणाली, "मग दादा निघून का गेला?" निघून गेले नाहीत. सकाळी हे म्हणाले, तंजावर जवळच आहे, एक रात्र तिथे राहू आणि तिथूनच परतू. मी म्हणाले, "तुम्ही जा, मी इथेच थांबते." हे हो म्हणाले, आणि ते 'हो' जरा लवकर आले. माझे 'तुम्ही जा'सुद्धा लवकरच आले असणार.

तो दिवस मला फार बरा गेला. हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते. संध्याकाळी ह्यांचा फोन आला. बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरून घेतलेला भोसल्यांचा इतिहास पाहून आले होते. "मराठी गं, देवनागरीत! तमिळ मुलखात अख्ख्या भिंतीवर आपली मराठी!" हे मला त्यातले काय काय सांगत राहिले, मग सरफोजींचे गुरू श्वार्ट्झ १७५० मध्ये भारतात आले ते याच तरंगंबाडीला, हेही सांगितले. मी अर्धा तास ऐकत होते आणि मध्ये मध्ये विचारतही होते. आदल्या दिवशी हेच नको म्हटले होते ना, असे मी स्वतःला विचारून पाहिले. कधी वाटते, फोनवर समोरचा चेहरा दिसत नाही म्हणून सोपे गेले. कधी वाटते, ह्यांना माहिती सांगायची नसतेच, माझ्याशी बोलायचे असते आणि दुसरी वाट ह्यांना सापडत नाही. दुसरे कारण मला जास्त आवडते, म्हणूनच त्यावर माझा फारसा विश्वास नाही.

आता हे दीवला जाऊ म्हणताहेत. पोर्तुगीज तिथे १५३५ पासून १९६१ पर्यंत होते, हे मला आत्ताच तीनदा कळले आहे. मी अजून हो म्हटलेले नाही. नणंद परवा विचारत होती, परतीची तिकिटे एकत्र काढणार का? मी तिला सांगितले, जायची तरी काढू दे.