लांब केसांवर शोभणाऱ्या जुन्या धाटणीच्या हॅट

जुन्या धाटणीची हॅट रोजच्या वापरासाठी घ्यायची ठरली की बहुतेक जण आधी चेहऱ्याचा आकार पाहतात. गोल चेहऱ्याला अमुक हॅट, उभट चेहऱ्याला तमुक, असे ठोकताळे दुकानदारही सांगत असतात. उत्तर इंग्लंडच्या थंडीवाऱ्यात अनेक वर्षे हॅट वापरल्यावर माझे मत मात्र असे झाले आहे की, चेहऱ्याच्या आधी केस पाहावेत. प्रत्येक काळातली हॅट त्या काळातल्या केशरचनेवर बेतलेली असते. ज्या बाईचे केस लांबसडक आहेत आणि जी रोज वेणी किंवा अंबाडा घालते, तिने हे ध्यानात घेतले नाही, तर हौसेने घेतलेली देखणी हॅट कपाटातच पडून राहते.

क्लोश हे याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. घंटेच्या आकाराची आणि थेट भुवयांपर्यंत खाली येणारी ही हॅट १९०८ च्या सुमारास पॅरिसच्या कारोलीन रेबू यांनी घडवली, असे मानले जाते. ग्राहक बाईच्या डोक्यावरच फेल्ट, म्हणजे केस दाबून केलेले कापड, ठेवून ते कापत, दुमडत हॅटला आकार देण्यासाठी त्या प्रसिद्ध होत्या. क्लोशचा खरा बहर १९२० च्या दशकात आला, कारण त्याच दशकात युरोप-अमेरिकेतल्या तरुणींनी केस कानापर्यंत, काहींनी तर मुलग्यांसारखे बारीक कापले. आखूड केसांमुळे हॅट डोक्याला घट्ट बसू लागली आणि हॅट नीट बसावी म्हणून केस आणखी आखूड झाले. मानेवर अंबाडा असलेल्या बाईने अस्सल क्लोश घातली, की तिची मागची बाजू अंबाड्यावर अडते, पुढची कड डोळ्यांवर येते आणि पाच-दहा पावलांत हॅट वर सरकू लागते. क्लोश घालायचीच असेल, तर दोन सैल वेण्या घालून त्या डोक्याभोवती चपट्या गुंडाळाव्यात आणि हॅट नेहमीपेक्षा एक माप मोठी घ्यावी. मी समारंभाला हा खटाटोप आनंदाने करते. पण सकाळी कामावर निघायच्या घाईत तो जमत नाही.

त्याआधीच्या, म्हणजे पहिल्या महायुद्धापूर्वीच्या हॅट मात्र लांब केसांसाठीच केलेल्या होत्या. त्या डोक्यात घट्ट बसत नसत, तर फुगवून बांधलेल्या केसांवर टेकत आणि लांब पिनेने जागेवर राहत. ही पिन लावण्याची रीत आजही शिकण्यासारखी आहे. पिन बाहेरून हॅटमध्ये खुपसायची, आतल्या अंबाड्याचे केस थोडे उचलून घ्यायचे आणि टोक पुन्हा हॅटमधून बाहेर काढायचे. टाळूला पिनेचा स्पर्शही होत नाही आणि हॅट जोराच्या वाऱ्यातही हलत नाही. अंबाड्याला आकडे लावण्याची सवय असलेल्या हाताला हे दोन दिवसांत साधते. बाहेर डोकावणाऱ्या टोकाला टोपण मात्र हवेच. १९१० साली शिकागो शहराने हॅटच्या बाहेर अर्ध्या इंचाहून अधिक येणाऱ्या पिनांवर बंदी घातली होती, ती सहप्रवाशांच्या चेहऱ्यांना इजा होऊ नये म्हणून. त्या काळातल्या परातीएवढ्या हॅट आजच्या बसमध्ये घालणे शक्य नाही, पण त्यांची पिन आपण जरूर उचलावी.

रोजच्या वापरासाठी मी सुचवीन ती १९३० आणि ४० च्या दशकांतली, कपाळावर किंचित तिरकी बसणारी लहान फेल्ट हॅट. ती डोक्याच्या पुढच्या भागावर बसते, त्यामुळे मागचा अंबाडा मोकळा राहतो आणि दिसतोही. दुसरी निवड बेरेची, म्हणजे मऊ, चपट्या, गोल टोपीची. फ्रान्स आणि स्पेन यांच्या सीमेवरच्या पिरेनीज पर्वतातल्या मेंढपाळांची ही टोपी आधी लोकरीची विणतात आणि मग पाण्यात मळून घट्ट करतात. तिच्या मधोमध असलेले देठासारखे टोक विणकामाचा भाग असते, ते धागा समजून कापू नये. बेरे मागे ओढून घातली, तर मध्यम आकाराचा अंबाडा तिच्यात सहज मावतो.

फेल्टविषयी थोडे सांगितले पाहिजे. आपल्याकडे बुरणूस ज्या तत्त्वावर होतो, त्याच तत्त्वावर हे कापड होते. त्यात विणकाम नसते, ऊब, ओल आणि दाब यांनी केस एकमेकांत अडकवले जातात. मेंढीच्या लोकरीचे फेल्ट स्वस्त असते, पण पावसात भिजले की आकार सोडते; सशाच्या केसांचे फेल्ट महाग असले, तरी पाऊस बराच सोसते. मँचेस्टरशेजारचे स्टॉकपोर्ट हे या धंद्याचे मोठे केंद्र होते. तेथे हॅटना वाहिलेले संग्रहालय आहे आणि गावाच्या फुटबॉल संघाला आजही ‘हॅटर्स’ म्हणतात. या धंद्याची एक काळी बाजू आहे. प्राण्यांचे केस एकमेकांत चांगले अडकावेत म्हणून त्यांवर पाऱ्याच्या क्षाराची प्रक्रिया करत आणि कारागिरांचे हात थरथरू लागत, मन भ्रमिष्ट होई. अमेरिकेत ही पद्धत १९४१ मध्ये बंद झाली. त्यापूर्वीच्या हॅटमध्ये अजूनही पारा सापडू शकतो, म्हणून फार जुनी हॅट संग्रहासाठी ठेवावी आणि रोज वापरायला जुन्या नमुन्यावर केलेली नवी हॅट घ्यावी, असे मी आग्रहाने सांगते.

माप घेताना अंबाडा नेहमीच्या जागी बांधून मगच टेप कपाळाच्या मध्यावरून आणि कानांच्या बोटभर वरून फिरवावी. हॅट थोडी सैल निघाली, तर आतल्या चामडी पट्टीमागे घडी केलेला कागद सरकवल्याने काम भागते. उचलताना माथ्याला चिमटीत धरू नये, कडेला धरावे. चिमटीत धरल्याने माथ्याची घडीच सर्वांत आधी फाटते. भिजलेली हॅट हीटरजवळ ठेवल्यास आक्रसते, म्हणून ती आपोआप वाळू द्यावी.

महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यात फेल्ट निरुपयोगी आहे. तेथे पनामा हॅट घ्यावी. तिचे नाव पनामाचे असले, तरी ती इक्वेडोरमध्ये टोकिया नावाच्या वनस्पतीच्या तंतूंपासून विणतात आणि त्या विणकामाला युनेस्कोने २०१२ मध्ये सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले आहे. तिची रुंद कड उंच अंबाड्यावर अडते, तेव्हा अंबाडा मानेवर अगदी खाली बांधावा किंवा सरळ वेणी घालून ती खांद्यावरून पुढे घ्यावी.