अखेर हातात आलं!

आज पाकीट उघडताना हात थरथरत होते. आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झकीचं ओ-पी-ची या कॅनडातल्या कंपनीचं १९७९-८० चं रूकी कार्ड (खेळाडूचं पहिलंवहिलं कार्ड), नंबर १८! किती वर्षं शोधत होते.

कडा खडबडीत आहेत आणि मला त्याच सगळ्यात जास्त आवडल्या. कॅनडात ही कार्डं तारेने कापली जायची, त्यामुळे अशी कड दिसली की उलट कार्ड अस्सल असल्याचा विश्वास वाटतो. कोपऱ्यांवर निळा रंग जरा उडालाय. या निळ्या किनारीचं ते जुनंच दुखणं.

त्याच वर्षाचं टॉप्स या अमेरिकन कंपनीचं त्याचं कार्ड आधीपासून आहे माझ्याकडे. दोन्ही शेजारी ठेवून संध्याकाळभर बघत बसले. एडमंटन ऑयलर्स संघाच्या जर्सीतला जेमतेम अठरा वर्षांचा पोरगा. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या हॉकी लीगमधले त्याचे ८९४ गोल तेव्हा अजून व्हायचे होते!