तुम्ही विचारलंत म्हणून: पोर्टेबल ॲम्प बदलायचा का?

"सर, पोर्टेबल हेडफोन ॲम्प आहे, बरा चालतोय, पण आता वरचा घेऊ का?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतोच. पोर्टेबल ॲम्प म्हणजे फोन आणि हेडफोनच्या मध्ये बसून आवाजाला जोर देणारी खिशातली डबी. नाशिकच्या कॉलेज रोडच्या मुलांकडून येतो, पंचवटी एक्स्प्रेसच्या पासवाल्यांकडून येतो, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत शिफ्ट करणाऱ्यांकडून येतो. प्रश्नात ॲम्पचं नाव असतं, नव्याची किंमत असते, सवलत कधी संपणार तेही असतं. हेडफोन कोणता, एवढंच नसतं. मी ते उलट विचारलं की लोकांना वाटतं, हा टाळतोय. मी टाळत नाही. हेडफोन माहीत नसताना ॲम्प सुचवणं म्हणजे पाय न बघता चपलेचा नंबर सांगणं.

आकडेच घ्या. सेनहायझरचा एचडी ६५० हा ३०० ओहम इम्पिडन्सचा (म्हणजे विजेला एवढा अडथळा करणारा) हेडफोन एका व्होल्टला सुमारे १०३ डेसिबल देतो. गाण्यातल्या सगळ्यात जोराच्या क्षणाला ११० डेसिबल मिळावेत असं धरू. कुणाही समंजस माणसाला ते भरपूर झाले. मग वरचे ७ डेसिबल काढायला साधारण सव्वादोन व्होल्ट लागतात आणि करंट जेमतेम साडेसात मिलिअँपिअर. आता २५ ओहमचा, एका मिलिवॉटला ९१ डेसिबल देणारा प्लॅनर (सपाट पातळ पडद्याचा हेडफोन) घ्या. त्याच ११० ला ७९ मिलिवॉट लागतात. व्होल्टेज १.४ पुरतं, पण करंट ५६ मिलिअँपिअर. पहिल्याला व्होल्टेज हवं, दुसऱ्याला करंट. आणि १६ ओहमचा, मिलिवॉटला १०५ डेसिबल देणारा कानात घालायचा इअरफोन असेल, तर पाव व्होल्टही लागत नाही. त्याच्यासाठी ‘पॉवरफुल’ ॲम्प घेतलात तर जास्तीचं फक्त एकच मिळेल, गाणं थांबल्यावर मागे राहणारा सस्स आवाज.

खोक्यावरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक विजेला किती आवाज, वाचताना ती प्रति मिलिवॉट आहे की प्रति व्होल्ट, हे बघा. ३०० ओहमला या दोन मापांत ५ डेसिबलचाच फरक पडतो, पण १६ ओहमला १८ डेसिबलचा. ‘१२० डेसिबल’ छापलेला इअरफोन प्रति व्होल्टच्या हिशेबाने असेल, तर प्रति मिलिवॉट तो १०२ निघतो. यात फसलेले बरेच जण माझ्याकडे येतात आणि दोष ॲम्पला देतात.

"पण सर, आवाज पुरतच नाही." ठीक आहे. आधी फोनचा व्हॉल्यूम पूर्ण आहे का बघा. ॲम्प डॅकशिवायचा (डिजिटल गाण्याचा विद्युत सिग्नल करणारा भाग नसलेला) असेल तर फोन पूर्ण ठेवून आवाज ॲम्पच्या नॉबवरच कमी-जास्त करायचा. ॲपलचा छोटा डोंगल (फोनच्या पोर्टला हेडफोन जोडणारा तुकडा) काही अँड्रॉइड फोनांवर मुळातच दबक्या आवाजात चालतो. तिथे ॲम्प बदलण्यापेक्षा प्लेअरचं ॲप बदलावं. गेनचा, म्हणजे ॲम्प सिग्नल किती पट वाढवतो त्याचा, स्विच ‘लो’वर राहिलेला असतो, तोही बघा. उलट इअरफोनला ‘हाय’ ठेवलात, तर नॉब तळाशीच फिरवावा लागतो, आणि नॉबखालच्या स्वस्त दुहेरी पॉटचे (डाव्या-उजव्या कानाचा आवाज एकत्र बदलणाऱ्या रेझिस्टरचे) दोन भाग तळाला कधीच सारखे नसतात. गायक एका कानाकडे सरकतो. लोक म्हणतात चॅनेल गेला. चॅनेल गेलेला नसतो, गेन खाली आणा, नॉब मधोमध येईल, गायकही मधोमध येईल.

पंचवटीवाल्यांना वेगळं सांगतो. कसाऱ्याच्या घाटात तुम्ही आवाज वाढवता तो डब्याचा खडखडाट झाकायला. ते काम ॲम्पचं नाही, कानात नीट बसणाऱ्या सिलिकॉन किंवा फोमच्या टिपचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी आहे. नाशिकरोडहून रोज जाऊन-येऊन सहा-सात तास होत असतील तर ते चाळीस तास गाडीतच भरतात. त्यावर आणखी ताकदीचा ॲम्प घ्या, असं मी सांगणार नाही, कितीही वेळा विचारलंत तरी.

आउटपुट इम्पिडन्ससाठी, म्हणजे ॲम्पच्या स्वतःच्या आतल्या अडथळ्यासाठी, मात्र मी ॲम्प बदलायला सांगतो, आणि आनंदाने सांगतो. अनेक ड्रायव्हरच्या (आवाज काढणाऱ्या छोट्या भागांच्या) इअरफोनचा इम्पिडन्स सगळ्या सुरांना सारखा नसतो. एखाद्याचा एका ठिकाणी ८ ओहम आणि दुसऱ्या ठिकाणी ४० असू शकतो. ॲम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स १० ओहम असेल तर या दोन ठिकाणच्या आवाजात पाच डेसिबलचा फरक पडतो. म्हणजे ॲम्पने न विचारता टोन कंट्रोल फिरवून ठेवला. तोच १ ओहम असेल तर फरक ०.८ वर येतो. हेडफोनच्या किमान इम्पिडन्सच्या एक अष्टमांश किंवा त्याहून कमी, एवढा हिशेब पुरतो. घरी मोजताही येतो. ४०० हर्ट्झचा स्वर लावा, जॅकवर मोकळं व्होल्टेज बघा, मग ३३ ओहमचा रेझिस्टर लावून पुन्हा बघा. मोकळं ३०० मिलिव्होल्ट आणि लोडवर २३० आलं, तर आउटपुट इम्पिडन्स १० ओहम. ३०० चे २९१ झाले, तर एकच. हा फरक कुणाच्या कानावर अवलंबून नाही.

आता ऑप-ॲम्पचं, म्हणजे ॲम्पमधल्या सिग्नल वाढवणाऱ्या चिपचं. "नवा ॲम्प नको तर आतला चिप बदलू का, तुम्हीच तर सांगत होतात." हो, सांगत होतो. ते आज सगळं लिहून टाकतो.

९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा, चू मॉय यांच्या जुन्या प्रसिद्ध सर्किटच्या वळणाचा माझा ॲम्प. सॉकेटमध्ये ओपीए२१३४ हा ऑप-ॲम्प. तो उपटून एडी८३९७ बसवला. कागदावर सगळंच सरस. तीनशे मिलिअँपिअरपर्यंत करंट, आउटपुट बॅटरीच्या दोन्ही टोकांच्या अगदी जवळ जाणारं, बँडविड्थ (किती वरच्या वारंवारतेपर्यंत काम चालतं ती) ६९ मेगाहर्ट्झ, तर जुन्याची ८. हा चिप छोट्या पृष्ठभागी आकारात मिळतो, म्हणून अडॅप्टरवर सोल्डर करून सॉकेटमध्ये बसवावा लागतो. ऐकल्यावर तानपुऱ्याच्या जव्हारीला धार आल्यासारखी वाटली, झांजांभोवती ‘हवा’ खुलली. मी तसं ठामपणे सांगितलं आणि तिघांना तोच बदल करून दिला.

पहिली तक्रार बॅटरीची आली. आठवडाभर जाणारी बॅटरी दीड-दोन दिवसांत बसू लागली. नवा चिप मुळातच दुप्पट खातो, जुन्याचे ८ तर याचे १७ मिलिअँपिअर, असं म्हणून मी तो विषय संपवला. इथेच चुकलो. दुपटीने बॅटरी निम्मी चालली असती, पंचमांश नव्हे. हा भागाकार मी केला नाही.

दुसऱ्याने चिपवर बोट टेकवलं आणि लगेच उचललं. तेव्हा कुठे बॅटरीच्या वायरीत मीटर घातला. गाणं बंद, हेडफोन लावलेला, आणि करंट ४५ मिलिअँपिअर. जॅकवर डीसी (एकाच दिशेचं स्थिर व्होल्टेज) ३८ मिलिव्होल्ट, पूर्वी ३ असायचं. एसीच्या रेंजला काहीच नाही, कारण साधा मल्टिमीटर मेगाहर्ट्झला आंधळा असतो. ऑसिलोस्कोपचा प्रोब दहाच्या खुणेवर ठेवून लावला, तर पडद्यावर वीस-बावीस मेगाहर्ट्झची स्वच्छ साइन. ॲम्प स्वतःच गात होता, म्हणजे गाणं नसतानाही आपोआप थरथरत होता. हेडफोनची पिन काढली की लाट लहान व्हायची, वायर हाताने हलवली की बदलायची.

कारण अवघड नव्हतं. बोर्डावरचा सप्लायचा कॅपॅसिटर चिपपासून चार सेंटिमीटर लांब, वर सॉकेट, त्यावर अडॅप्टरचे पाय, आणि आउटपुटला हेडफोनच्या वायरचे काहीशे पिकोफॅरड. आठ मेगाहर्ट्झचा चिप एवढं सगळं सहन करतो, एकोणसत्तरचा करत नाही. उपायही साधे. ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक थेट अडॅप्टरवर, ४ आणि ८ नंबरच्या पायांमध्ये. फीडबॅकच्या १० किलोओहमला समांतर २२ पिकोफॅरड, म्हणजे सातशे किलोहर्ट्झच्या वर गेन उतरू लागतो. आउटपुटला ओळीने ४.७ ओहम. करंट १९ वर आला, डीसी ५ वर, पडदा सपाट.

मग मी तुलना लावली, जी आधी लावायला हवी होती. जुना चिप असलेला बोर्ड, दुरुस्त केलेला बोर्ड, आणि मुद्दाम तसाच ठेवलेला माझा बिघडलेला बोर्ड. ४०० हर्ट्झला तिन्ही ३०० मिलिव्होल्टवर आणले, ३ मिलिव्होल्टच्या आत, म्हणजे ०.१ डेसिबल. हे केलं नाही तर जो किंचित मोठा तोच चांगला वाटतो. डीसीमुळे स्विच फिरवताना टक् वाजतं आणि गुपित फुटतं, म्हणून तिन्ही वाटांवर २२० मायक्रोफॅरडचे कॅपॅसिटर घातले. लोड ३०० ओहमचा हेडफोन, आणि स्विच दुसऱ्या माणसाच्या हातात.

जुना आणि दुरुस्त केलेला: १६ पैकी ९ बरोबर. नुसतं नाणं उडवूनही एवढे येतात. निदान १२ आले असते तर काही बोलता आलं असतं. जुना आणि बिघडलेला: १६ पैकी १४. आणि त्या चौदाही वेळा मला आवडला तो बिघडलेलाच.

म्हणजे ऐकू येत होतं ते खरंच येत होतं. मी ज्याला ‘हवा’ म्हणालो, ती त्या थरथरीतून आलेली खरखर आणि डिस्टॉर्शनची किनार होती. तेव्हाचा मी आज समोर आला तर म्हणेल, "आवडलं ना, मग झालं." त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. तापलेला चिप दाखवीन, बसलेली बॅटरी दाखवीन, एवढंच. तिघांचेही ॲम्प परत घेऊन दुरुस्त करून दिले. त्यातल्या एकाने आठवड्याने विचारलं, "आधीचा आवाज परत करता येईल का?" मी नाही म्हटलं. तो अजून नाराज आहे, आणि त्याचा हक्क मला नाकारता येत नाही.

म्हणून सांगतो, सॉकेट दिसलं म्हणून चिप बदलू नका. बदलायचाच असेल तर आधी आणि नंतर तीन मापं घ्या: बॅटरीचा करंट, जॅकवरचं डीसी आणि दहा मिनिटांनी चिपचं तापमान. डीसी २० मिलिव्होल्टच्या वर असेल तर इअरफोन लावू नका.

बहुतेक जुन्या ॲम्पना खरी गरज असते ती नव्या बॅटरीची. बेसचा ठोका आला की बंद पडतो, अर्ध्या चार्जवर आवाज फाटतो, ही म्हाताऱ्या लिथियम सेलची लक्षणं आहेत. सेलचा आतला रेझिस्टन्स वाढलेला असतो, ठोक्याला व्होल्टेज कोसळतं. तशाच मापाचा पाउच सेल शोधा. जाडी आधी मोजा, आणि थोडी मोकळी जागा राहू द्या, कारण सेल वयाबरोबर फुगतो. जुन्याला तीन वायरी असतील तर तिसरी तापमानाची, तीही जुळायला हवी. संरक्षणाचं छोटं सर्किट नव्या सेलवर आहे ना, ते बघा. काळी वायर सोडवली की तिच्यावर टेप लावा, मगच लाल हातात घ्या. एकाच वेळी दोन्ही वायरी पक्कडने कापू नका, शॉर्ट होतो. सेल फुगलेला असेल तर टोकदार पान्याने उचकटू नका, आणि एप्रिल-मेमध्ये उन्हात लावलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ॲम्प ठेवू नका. एवढं करून निम्मे लोक नव्या ॲम्पचं नाव काढत नाहीत.

"मग तुमच्या टेबलावर तो मोठा ॲम्प कशाला?" हेही विचारता. प्लॅनरसाठी घेतला, तिथे करंटचा हिशेब वर दिलाच आहे. पण मी ३०० ओहमचा हेडफोनही त्याच्यावरच लावतो, जिथे माझ्याच आकड्यांप्रमाणे छोटा ॲम्प पुरतो. रात्री उशिरा ख्याल ऐकताना मोठ्यावर विलंबित जास्त निवांत वाटतो. नॉब मोठा आहे, हाताला छान लागतो, कदाचित तेवढंच असेल. स्विचचा डबा तयार आहे, कॅपॅसिटर लावलेले आहेत, स्विच फिरवायला माणूसही आहे. ती चाचणी मी अजून लावलेली नाही. १६ पैकी ८ आले तर मोठा ॲम्प विकायला काढीन का, हे मला आज सांगता येत नाही.