यॉर्कला एक रात्र तरी राहाच

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून यॉर्कला रेल्वेने साधारण दोन तास लागतात. त्यामुळे बरेच जण सकाळी जाऊन रात्री परततात. आमचाही बेत तोच होता, पण आईच्या गुडघ्यांचा विचार करून एका रात्रीचा मुक्काम वाढवला, आणि या सहलीतलं सगळ्यात चांगलं त्या वाढीव वेळातच पाहायला मिळालं.

स्टेशनाबाहेर पडलात की समोरच तटबंदी दिसते. सामान ठेवून आधी तिच्यावर चढा. सगळा मिळून साडेतीन किलोमीटरांच्या आतबाहेरचा फेरा आहे, पैसे पडत नाहीत, अंधार पडायच्या सुमाराला दरवाजे बंद होतात. आपल्याकडे किल्ल्याचा तट म्हटला की आत पडके वाडे नि रान असतं. इथे तटाखाली लोकांच्या परसबागा आणि दोरीवर वाळणारे कपडे! आईला हेच सगळ्यात आवडलं. पूर्ण फेरा जमणार नसेल तर बूदम बार ते मंक बार हा कॅथेड्रलच्या, म्हणजे मिन्स्टरच्या, मागून जाणारा टप्पा करा. पायऱ्या मात्र उंच आहेत आणि आतल्या बाजूला काही ठिकाणी कठडा नाही. लहान मुलांचा हात सोडू नका. पत्ता शोधताना लक्षात ठेवा: इथे ‘बार’ म्हणजे वेस आणि ‘गेट’ म्हणजे रस्ता. हा ‘गेट’ व्हायकिंगांच्या भाषेतून आलेला.

त्यांच्याही आधी, इसवी सन ७१ मध्ये, रोमनांनी इथे छावणी वसवली. म्युझियम गार्डन्समधला बहुकोनी बुरूज जवळ जाऊन बघा. खाली रोमनांचे छोटे, नीट घडवलेले दगड, मधून विटांचा लाल पट्टा, आणि वर मध्ययुगात चढवलेले मोठे दगड. हजार वर्षांचा सांधा बोटाने दाखवता येतो.

मिन्स्टरला तिकीट आहे, पण आत दोन तास सहज जातात. पूर्वेची भव्य खिडकी जॉन थॉर्नटनने १४०५ ते १४०८ या तीन वर्षांत केली. टेनिस कोर्टाएवढी रंगीत काच! दुर्बीण जवळ असेल तर जरूर न्या, वरची चित्रं नुसत्या डोळ्यांना कळत नाहीत. १९८४ च्या आगीत दक्षिणेकडचं छत जळालं. ते पुन्हा बांधताना लहान मुलांच्या स्पर्धेतली सहा चित्रं लाकडात कोरून वर बसवली. त्यात चंद्रावर उतरलेला माणूसही आहे. मान वर करून शोधा. मनोऱ्याच्या २७५ पायऱ्या गुडघेदुखी असलेल्यांनी सोडाव्यात.

संध्याकाळी तिथेच गायनासह प्रार्थना होते. तिला तिकीट नसतं, वेळ तेवढी आधी बघून ठेवा. फोटो काढायचे नाहीत, शांत बसायचं. त्या उंच छताखाली मुलांचे आवाज वर चढत गेले तेव्हा आईने डोळे मिटले, ते शेवटपर्यंत उघडले नाहीत.

दुसरा दिवस बाबांचा. उभी नोकरी मध्य रेल्वेत काढलेल्या माणसाला राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयातून बाहेर काढणं कठीण. प्रवेश मोफत, स्टेशनाच्या अगदी पाठीमागे. १९३८ मध्ये ताशी १२६ मैलांचा वेग गाठलेलं ‘मॅलर्ड’ हे निळं इंजिन तिथे आहे. वाफेच्या इंजिनाचा हा विक्रम आजही मोडलेला नाही. बाबा त्याच्या चाकापाशी कितीतरी वेळ उभे होते.

क्लिफर्ड्स टॉवरच्या टेकडीवर जाल तेव्हा पायथ्याची पाटी वाचा. ११९० मध्ये जमावाच्या भीतीने इथे आसरा घेतलेल्या सुमारे दीडशे ज्यू स्त्री-पुरुष-मुलांचा अंत झाला. तिथे सेल्फी काढावासा वाटत नाही.

शाकाहारी मंडळींनी यॉर्कशर पुडिंग घेण्याआधी विचारावं. ते बऱ्याचदा गोमांसाच्या चरबीत भाजतात आणि वरचा रस्साही मांसाचाच असतो. भाजलेला बटाटा आणि त्यावर चीज, हे बहुतेक ठिकाणी मिळतं. जुन्या इमारतीत खोली घेत असाल तर लिफ्टची चौकशी करा. आम्ही केली नव्हती, आणि बॅगा तीन मजले वर न्याव्या लागल्या.

आणि शॅम्बल्स ही गल्ली सकाळी आठच्या आत गाठा. दुपारी तिथे पाऊल ठेवायला जागा नसते. ही खाटकांची आळी होती. माड्या इतक्या पुढे झुकलेल्या की वर आभाळाची चिंचोळी पट्टी उरते. आम्ही गेलो तेव्हा रात्रीच्या पावसाने फरशी ओली होती आणि गल्लीत आम्ही तिघंच. दुकानांच्या कपाळावर मांस टांगायचे लोखंडी आकडे अजून तसेच आहेत, त्यांच्या टोकांवरून थेंब गळत होते.