एकोणचाळीस दाणे

मावळातल्या एका मराठी शाळेत मी सहावीला इंग्रजी शिकवते. त्या दिवशी नाउनचा तास होता. प्रकार शिकवायला फार वेळ लागला नाही. प्रॉपर म्हणजे आपलं विशेषनाम, कॉमन म्हणजे सामान्यनाम, कलेक्टिव्ह म्हणजे समूहवाचक, मटेरिअल म्हणजे पदार्थवाचक, ॲबस्ट्रॅक्ट म्हणजे भाववाचक. हे सगळं मराठीच्या तासाला होऊन गेलेलं असतं, त्यामुळे मुलं पटापट उदाहरणं देतात. मग मी फळ्यावर लिहिलं: जे मोजता येतं ते काउंटेबल, जे मोजता येत नाही ते अनकाउंटेबल.

आदल्या दिवशी एका मुलीने वहीत लिहिलं होतं, ‘माय मदर क्लीन्स द राइसेस.’ शेवटच्या शब्दावर मी लाल रेघ मारली होती. आता कारण सांगितलं, ‘राइस मोजता येत नाही, म्हणून त्याचं अनेकवचन करायचं नाही.’

तिने मान डोलावली नाही. मधल्या सुट्टीत ती पोषण आहाराच्या खोलीत गेली. तिथे मावशी परातीत तांदूळ निवडत होत्या. त्यांच्याकडून तिने चिमूटभर तांदूळ आणले, माझ्या टेबलावर ठेवले आणि बोटाने एकेक दाणा बाजूला सारत मोजले. ‘बाई, एकोणचाळीस.’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बारा वर्षं मी हेच वाक्य फळ्यावर लिहीत आले होते, आणि ते चुकीचं होतं. तिचं मात्र बरोबर होतं. घरी आई ‘तांदूळ निवडले’ म्हणते, ‘निवडला’ म्हणत नाही. तिने मराठीतलं अनेकवचन इमानाने इंग्रजीत नेलं होतं.

सुट्टीनंतर मी फळा पुसला आणि मुलांनाच विचारलं, ‘गहू दळला की दळले?’ ‘दळले!’ ‘आणि ज्वारी?’ ‘दळली!’ मग वर्ग एकदम गप्प झाला. ज्वारीचेही दाणेच की! मग गहू अनेक आणि ज्वारी एक कशी? भाताचं तर आमच्या मुलांना सांगावंच लागत नाही. शेतात भात, परातीत तांदूळ, ताटात पुन्हा भात. तांदूळ शिजले की ‘शिजलेला भात’ एकवचनी होतो. इंग्रजी या सगळ्याला राइसच म्हणते आणि परातीतल्या तांदळाकडेही आपण भाताकडे पाहतो तसंच पाहते. एकच दाणा सांगायचा तर ‘अ ग्रेन ऑफ राइस’. म्हणजे मोजता येण्या-न येण्याचा गुण तांदळात नाहीच, तो भाषेत आहे. हे मला त्या टेबलाशी उभं राहून पहिल्यांदा नीट कळलं.

इंग्रजीचंही सगळं सरळ नाही, हे मी मुलांना मुद्दाम सांगितलं. व्हीट एकवचनी, पण ओट्स अनेकवचनी. वाटाण्याची गंमत तर त्यांना फारच आवडली. ‘पीज्’ हा शब्द मुळात एकवचनी होता. शेवटचा उच्चार अनेकवचनासारखा वाटला म्हणून 17व्या शतकात लोकांनी त्यातून ‘पी’ हे नवं एकवचन काढलं. म्हणजे खुद्द इंग्रजांनीच चूक केली आणि ती रूढ झाली!

‘राइसेस’खालची रेघ मी तशीच ठेवली, कारण इंग्रजीत ते वाक्य तसं लिहीत नाहीत. पण शेजारी लिहिलं: ‘रेघेचं कारण मी चुकीचं सांगितलं होतं. तुझं मोजणं बरोबर.’

दुसऱ्या दिवशी मुलं घरून यादीच घेऊन आली. पोहे केले, रवा भाजला. कुरमुरे आणले, साखर आणली. नाचणी दळली, हरभरे भिजवले. फळ्यावर दोन रकाने भरत गेले. शेवटी मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. ‘बाई, शेंगदाणे भाजले म्हणतात, मग साबुदाणा भिजवला का म्हणतात? दाणे तर दोन्हीकडे आहेत.’ त्यावर घंटा झाली तरी वर्ग भांडत होता.